दहा वॉटचा फरक: जुन्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड निवडतानाचं एक प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा निर्णय जवळजवळ झालेला होता. "मामा, आरएक्स ६५०० एक्सटी घेतोय. नवीन आहे, वॉरंटी आहे, बजेटमध्ये बसतंय. तू फक्त हो म्हण." मी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायलाही त्या क्षणी माझ्याकडे ठोस कारण नव्हतं. माझ्या डोक्यात वेगळंच कार्ड होतं: वापरलेलं आरएक्स ५८०, ८ जीबीचं. पुढच्या दोन आठवड्यांत त्याचं कार्ड बाद झालं आणि माझंही. ते कसं झालं हे सविस्तर लिहितोय, कारण जुन्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड बदलू पाहणाऱ्या पुष्कळ जणांची गाडी नेमकी याच दोन ठिकाणी अडते.

कॉम्प्युटर असा होता. इंटेल कोअर आय५-४५९०, म्हणजे २०१४ सालचा, चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं) असलेला प्रोसेसर. बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड. ८ जीबी डीडीआर३ रॅम, तीही एकाच पट्टीत. विंडोजसाठी छोटी एसएसडी, गेमसाठी जुनी हार्ड डिस्क. कॅबिनेटसोबतच आलेला ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ, मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय. आणि कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, २ जीबीचं.

या ७५० टीआयबद्दल मला मनापासून आदर आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेलं हे कार्ड अवघ्या ६० वॉटवर चालतं, पॉवर सप्लायची वेगळी केबल मागत नाही. साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घालून गेम खेळायला त्या काळी लोक हेच घ्यायचे. भाच्याकडे ते इतकी वर्षं एकही तक्रार न करता चाललं. पण २ जीबी मेमरीत आजचे गेम मावत नाहीत, त्याला कार्ड तरी काय करणार.

"गेम नीट चालायला हवेत" एवढीच त्याची मागणी होती. मी विचारलं, कोणते गेम? तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मित्रांसोबत रोज खेळायचा नेमबाजीचा गेम आत्ताही बरा चालत होता. त्याला खरी हौस होती ती एका मोठ्या, मोकळ्या जगाच्या गेमची. घोड्यावरून हिंडायचं, गर्दीच्या शहरात शिरायचं, असा. तिथे ७५० टीआयने मान टाकली होती. शिवाय खेळताना छोट्या क्लिप रेकॉर्ड करून मित्रांना पाठवायची सवय. ही सवय त्याने सहज सांगितली, पण पुढे तीही एका कार्डाच्या विरोधात गेली.

आधी मोजमाप

कार्डाच्या याद्या बघण्याआधी मी त्याला दोन दिवस काहीही न खरेदी करता फक्त मोजायला लावलं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाकलं की गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात सगळे आकडे दिसतात: कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रत्येक कोअरचा वापर, रॅम, आणि एकेक फ्रेम किती मिलिसेकंदांत तयार झाली तो आलेख. कार्ड घेताना मी हा आलेख एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्या आकड्यापेक्षा जास्त मानतो. एफपीएस ४० दाखवत असतानाही आलेखात काट्यांसारखे उंच सुळके दिसत असतील, तर डोळ्यांना ते अडखळणंच जाणवतं.

पहिला आकडा अपेक्षित होता. गावाबाहेर, मोकळ्या रानात कार्ड ९९ टक्के, कार्डाची मेमरी काठोकाठ, २८ एफपीएस. भाचा म्हणाला, "बघ, कार्डच कमी पडतंय." मी म्हटलं, आता त्याच जागी उभा राहा, रिझोल्यूशन ७२०पीवर आण आणि कार्डावर भार टाकणारी सगळी सेटिंग खाली ओढ; गर्दी आणि दूरवरचं दिसण्याचं अंतर मात्र आहे तसंच ठेव.

ही युक्ती जुनी आहे पण हिच्याइतकं स्वस्त आणि खरं उत्तर दुसरं कशातून मिळत नाही. रिझोल्यूशन कमी केलं की कार्डाचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे कार्ड मोकळं झाल्यावर एफपीएस जिथे जाऊन थांबतो, तो प्रोसेसरचा माथा. जगातलं कितीही भारी कार्ड लावलं तरी त्या गेममध्ये, त्या जागी, त्याच्या वर जाता येत नाही. भाच्याच्या कॉम्प्युटरवर रानात तो आकडा साठच्या पुढे गेला. शहराच्या बाजारात मात्र ४७ वर अडकला. चारही कोअर १०० टक्क्यांवर, आणि कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर आरामात.

म्हणजे बाजारातला माथा ४७. त्याला मी तोच आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं. यापुढे कुठलंही कार्ड बघताना प्रश्न एकच विचारायचा: हे कार्ड १०८०पीवर, मध्यम ते उच्च सेटिंगला, या माथ्यापर्यंत नेतं का? नेत असेल तर पुरे. त्याच्या वरची प्रत्येक फ्रेम आपण विकत घेतो आणि प्रोसेसर ती देत नाही.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट दिसली, जी आम्ही शोधत नव्हतो. रॅम ८ पैकी साडेसातच्या आसपास भरलेली. आणि एकच पट्टी असल्याने रॅम एकाच चॅनलवर चालत होती. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी इतका डेटा देते. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की २५.६. माझ्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली ८ जीबीची पट्टी मी त्याच्याकडे घेऊन गेलो. लावली, मेमरी टेस्ट रात्रभर चालवली, आणि सकाळी पुन्हा त्याच बाजारात गेलो. माथा ४७ वरून ५४ वर आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आलेखातले सुळके निम्म्याहून कमी झाले. अजून कार्डाला हातही लावला नव्हता.

कार्डासाठी पैसे जमवणाऱ्या माणसाला "आधी रॅम बघ" म्हणणं फार रुक्ष वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण ८ जीबीच्या एकाच पट्टीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड बसवलं असतं, तर अडखळणं तसंच राहिलं असतं आणि दोष कार्डाला लागला असता.

पॉवर सप्लायचं लेबल

नंतर कॅबिनेटची बाजू उघडली आणि टॉर्च घेऊन पॉवर सप्लायचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक अक्षरात खरी गोष्ट: १२ व्होल्टच्या दोन लाइन, दोन्ही मिळून ३० अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे आपल्या कामाचे वॉट म्हणजे १२ गुणिले ३०, म्हणजे ३६०. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर आहेत, आणि त्यांचा कार्डाला उपयोग नाही. शिवाय सप्लायला दहा वर्षं होत आलेली. आतले कपॅसिटर वयाबरोबर सुकत जातात. लेबलवरचा आकडा नव्या सप्लायचा असतो, दहा वर्षं वापरलेल्या सप्लायचा नसतो.

केबल मोजल्या. कार्डासाठी ६ पिनांचा एकच जोड. ८ पिनांचा नाहीच.

हिशेब सोपा आहे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत देतो, ६ पिनांचा जोड आणखी ७५, ८ पिनांचा १५०. ज्या कार्डाला ८ पिना लागतात त्यासाठी अडॅप्टर मिळतात, आणि भाच्याने असाच एक आधीच शोधून ठेवला होता, हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा पॉवरच्या जोडातून ८ पिना काढणारा. त्यावर मी जरा आवाज चढवला. साटाचा पॉवर जोड १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी बनवलेला आहे, म्हणजे ५४ वॉट. त्यातून १५० वॉटची अपेक्षा धरणारा जोड ओढायचा म्हणजे प्लॅस्टिक वितळायची वाट बघणं. अशी काळी पडलेली, चिकटून बसलेली पिन मी एकदा पक्कडीने उपटून काढली आहे. तो वास लवकर विसरत नाही.

इथे माझं आरएक्स ५८० गेलं. १८५ वॉटचं कार्ड, बहुतेक ८ पिनांचं, आणि या सप्लायवर ते लावायची माझी हिंमत नव्हती. तसंही त्याच्या बाजूने उरलं होतं ते ८ जीबी मेमरी आणि वापरलेल्या बाजारातली मुबलकता, एवढंच. ही मुबलकता कुठून आली तेही लक्षात ठेवायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावण्याची) पद्धत सोडली आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली. मायनिंगसाठी अनेकांचं बायोसही (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेलं असतं. आम्ही एका विकणाऱ्याला जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट मागितला तर त्यात २०४८ शेडर (कार्डातले छोटे गणक) दिसले. खऱ्या आरएक्स ५८० ला २३०४ असतात. २०४८ चं म्हणजे ५८० नाव लावलेलं आरएक्स ५७० च. विकणाऱ्याला कदाचित स्वतःलाही माहीत नसेल. शिवाय ही आरएक्स कार्डं काढणाऱ्या एएमडीने २०२३ च्या अखेरीस या पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर वेगळे काढले आणि त्यांचे अपडेट विरळ झाले. मी ते नाव सोडून दिलं.

नळी किती जाड

भाच्याचं आरएक्स ६५०० एक्सटी मात्र पॉवरच्या परीक्षेत पास झालं. १०७ वॉट, ६ पिनांचा एक जोड. नवं, जानेवारी २०२२ चं. त्याला वाटलं, जिंकलो.

हे कार्ड पडलं ते दुसऱ्याच परीक्षेत, आणि ती परीक्षा खोक्यावर कुठेच ठळक छापलेली नसते. ग्राफिक्स कार्ड लांबलचक स्लॉटमध्ये बसतं आणि त्या स्लॉटमध्ये १६ लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, असतात. पण सगळी कार्डं सगळ्या लेन वापरत नाहीत. ६५०० एक्सटी फक्त चार वापरतं. या स्लॉटचं मानक म्हणजे पीसीआय एक्सप्रेस; त्याच्या ४.० आवृत्तीच्या नव्या मदरबोर्डवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो. बी८५ बोर्ड ३.० चा आहे, तिथे त्याच चार लेनमधून सुमारे ४ जीबी. नळी तीच, पाणी निम्मं.

आता "मग काय बिघडतं?" हा प्रश्न रास्त आहे. कार्डाच्या मेमरीत सगळं मावत असेल तर या नळीचं काम फारसं नसतं. पण ६५०० एक्सटीकडे मेमरीच ४ जीबी आहे. नव्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती-कपडे वगैरेंवरची चित्रं) जरा वर ठेवलं की ती भरते, आणि उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममधून त्या चार लेनच्या नळीने ये-जा करू लागतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी देते. तिथून थेट ४ वर घसरायचं. हे घसरणं सरासरी एफपीएसमध्ये थोडंसंच दिसतं, पण फ्रेमच्या आलेखात सुळक्यांच्या रूपाने उभं राहतं. जे अडखळणं घालवण्यासाठी पैसे खर्च करायचे, तेच नव्या कार्डासोबत विकत घ्यायचं, असा प्रकार.

आणि वर ती क्लिप रेकॉर्ड करायची सवय. ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर आला असता, आणि बाजारात तो आधीच १०० टक्क्यांवर होता. लहान भाऊ आरएक्स ६४०० याचंही तेच रडगाणं: चार लेन, ४ जीबी, एन्कोडर नाही. नव्या बोर्डवर ही कार्डं ठीक असतील. जुन्या बोर्डसाठी ती स्वस्त म्हणून सुचवली जातात याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण जुना बोर्ड असलेलाच माणूस त्यांच्याकडे वळतो आणि त्यालाच ती सर्वांत कमी देतात.

यानंतर यादी भराभर आटली. जीटीएक्स १०६० वापरलेलं, ६ जीबी, एकेकाळी फार लाडकं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये जीटीएक्स-आरटीएक्स काढणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट. आज घ्यायचं कार्ड नव्हे. जीटीएक्स १६५० ला अनेक प्रकारांत वेगळी केबल लागत नाही, पण ४ जीबी. जीटीएक्स १६६० सुपर वेगात अगदी माथ्याला साजेसं, पण १२५ वॉट, ८ पिनांचं आणि वापरलेलंच मिळणारं. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर छान दिसतं, ६ जीबी आहे, पण आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि २०१४ च्या बोर्डवर तो अधिकृतपणे येतच नाही. इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर सुचवते.

उरली दोन नावं: आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप.

मित्राचा मुद्दा

इथे माझ्या एका मित्राने वाद घातला, आणि तो वाद चांगला होता. त्याचं म्हणणं, आरएक्स ६६०० घ्या. ८ जीबी, आठ लेन, वेगात ३०५० ला बरंच मागे टाकतं. आज प्रोसेसर अडवेल, पण उद्या नवा कॉम्प्युटर घेतला की हेच कार्ड तिकडे जाईल. शिवाय एनव्हिडियाचा ड्रायव्हर डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या गेममध्ये प्रोसेसरवर एएमडीपेक्षा जास्त भार टाकतो, आणि तुमचा प्रोसेसर तर आधीच धापा टाकतोय.

यातलं काहीही खोटं नाही. ड्रायव्हरचा मुद्दा तर मला खरोखर टोचला. पण ६६०० ला १३२ वॉट आणि ८ पिना लागतात. म्हणजे कार्ड अधिक चांगला नवा पॉवर सप्लाय. दोन्हींची बेरीज भाच्याच्या साठवणुकीच्या पुढे जात होती, आणि उधार घेऊन गेमिंगचं कार्ड घेऊ नये यावर त्याचं माझ्याआधीच ठरलेलं होतं. मी त्याला विचारलं, नवा कॉम्प्युटर कधी? तो म्हणाला, "नोकरी लागल्यावर. दोन-अडीच वर्षं तरी नाही." अडीच वर्षं प्रोसेसरच्या माथ्याखाली दबून राहणारं कार्ड आज महाग घ्यायचं आणि ते मोकळं होईल तेव्हा जुनं झालेलं असेल, हे मला पटेना. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणजे या खोक्याचं उरलेलं आयुष्य मोजकंच आहे. त्यात किती ओतायचं याला मर्यादा हवी.

त्याच्याकडे ८ पिनांचा बरा सप्लाय आधीपासून असता, तर मी मित्राच्या बाजूने उभा राहिलो असतो. हे मी भाच्यालाही सांगितलं.

आता ३०५० कडे. या नावाची मुख्य दोन कार्डं आहेत आणि ती वेगळी आहेत, इथे घाई केली तर फसगत होते. जानेवारी २०२२ चं ८ जीबीवालं: २५६० कोअर, १२८ बिटची मेमरी, १३० वॉट, वेगळी केबल हवी. फेब्रुवारी २०२४ चं ६ जीबीवालं: २३०४ कोअर, ९६ बिट, ७० वॉट. सगळी वीज स्लॉटमधूनच. लेन आठ, म्हणजे बी८५ वर सेकंदाला सुमारे ८ जीबीची नळी. मेमरीचा वेग सेकंदाला १६८ जीबी, ७५० टीआयचा होता ८६.४. एन्कोडर आहे. रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली दाखवण्याचं) हार्डवेअर आहे, जे काही नव्या गेमना आता सुरू होण्यासाठीच लागतं.

पण मला पटवलं ते वेगळ्याच आकड्याने. जुनं कार्ड ६० वॉट, नवं ७०. दहा वॉटचा फरक. जो पॉवर सप्लाय इतकी वर्षं या कार्डाला पोसत आला, त्याला हा बदल कळणारही नाही. नवा सप्लाय नको, अडॅप्टर नको, हवा जास्त खेळवायला पंखे नकोत. निव्वळ वेगाच्या तक्त्यात ३०५० चं हे रूप मधल्या ओळीतलं, थोडं दुर्लक्षित कार्ड आहे. या खोक्यात मात्र ते जणू मापाने शिवल्यासारखं बसत होतं.

खरेदीआधी तीन गोष्टी तपासल्या. एक, विक्रीच्या पानावर "६ जीबी" आणि "पॉवर कनेक्टर नाही" दोन्ही आहे ना, कारण काही कंपन्या स्वतःच्या हिशेबाने वेगळी रूपं काढतात. दोन, कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा यांच्यातलं अंतर, पट्टीने मोजून. तीन, मॉनिटर. भाचा आजवर व्हीजीए केबलने चालवत होता, कारण ७५० टीआयच्या डीव्हीआय पोर्टमधून व्हीजीए निघतं. नव्या कार्डांतून अॅनालॉग सिग्नल येतच नाही. त्याच्या मॉनिटरला डीव्हीआय होतं म्हणून एचडीएमआय ते डीव्हीआय एवढी साधी केबल पुरली. फक्त व्हीजीए असतं तर वीज घेणारा कन्व्हर्टर लागला असता.

बसवण्याचा दिवस

जुनं कार्ड आत असतानाच मदरबोर्डचं बायोस शेवटच्या आवृत्तीवर नेलं. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर साफ केला. मग कॉम्प्युटर बंद, प्लग काढला, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. ७५० टीआयचा स्क्रू सोडवला, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबली, कार्ड अलगद वर आलं. स्लॉटमध्ये धुळीची करडी रेघ होती, कोरड्या ब्रशने काढली. नवं कार्ड दाबताना खिट्टीचा "टक" आवाज आला की बसलं समजायचं. तो आला नव्हता, म्हणून पुन्हा काढून सरळ दाबलं.

सुरू केलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. भाच्याचा चेहरा उतरला. कार्ड काढायला हात घालण्याआधी मी मॉनिटरचं बटण दाबलं: इनपुट अजून व्हीजीएवर होतं. डीव्हीआय निवडलं आणि विंडोजचा लोगो आला.

दुसरी धास्ती अर्ध्या तासाने. जीपीयू-झेडमध्ये त्याला दिसलं की स्लॉट पीसीआय एक्सप्रेस १.१ वर चालतोय. "मामा, बोर्ड जुना आहे म्हणून का?" नाही. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला दुवा मंदावतो. त्याच खिडकीत प्रश्नचिन्हाचं बटण दाबून छोटी चाचणी सुरू केली की आकडा वर जातो. गेला: आठ लेन, ३.०.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच रानात आणि त्याच बाजारात गेलो. १०८०पी, मध्यम-उच्च सेटिंग. रानात जिथे २८ होते तिथे साठ. बाजारात ५० ते ५३, कार्ड ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसर पूर्ण दमात. मोजलेला माथा ५४. इतकं जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

मग सेटिंगशी खेळायला मजा आली. भाच्याची पहिली चाल डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून ते मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) लावायची होती. त्याने बाजारात एकही फ्रेम वाढली नाही, कारण ते कार्डाचं ओझं हलकं करतं आणि इथे दमला होता प्रोसेसर. उपयोग झाला तो गर्दीची घनता एक पायरी खाली आणल्याचा आणि दूरवरचं दिसण्याचं अंतर जरा कमी केल्याचा. ही दोन्ही कामं प्रोसेसरची. बाजारातसुद्धा ५८-६० मिळू लागले. टेक्स्चर उलट वर नेलं, ६ जीबी मेमरी आहे तर ती वापरायची, फ्रेमवर त्याचा भार जवळपास पडत नाही. शेवटी ६० वर फ्रेमची मर्यादा घातली. मॉनिटर ६० हर्ट्झचाच आहे. मर्यादा घातल्यावर कार्डाचा पंखा रानात ऐकूही येत नव्हता, आणि फ्रेमचा आलेख पहिल्यांदा ताणलेल्या दोरीसारखा सरळ दिसला. भाचा तो आलेख बघत नुसता बसून राहिला. गेम खेळायचं तो विसरलाच होता.

उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर आमचं अजून एकमत नाही. त्याला त्याच सॉकेटमध्ये बसणारा वापरलेला आय७-४७९० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ हवा आहे, चार कोअर पण आठ थ्रेडचा, म्हणजे बाजारातला माथा आणखी वर सरकेल. माझं म्हणणं, आधी पॉवर सप्लाय. कार्डाने त्याला धक्का दिला नाही हे खरं, पण म्हणून त्याचं वय कमी झालेलं नाही, आणि चांगला सप्लाय पुढच्या कॉम्प्युटरमध्येही जातो. तो विचार करतोय. ७५० टीआय मात्र विकायचं नाही यावर दोघांचंही एकमत आहे. ते अँटीस्टॅटिक पिशवीत, नव्या कार्डाच्या खोक्यात, त्याच्या कपाटात ठेवलंय.